शेजारचा तारा

प्रिय ठिपकी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे धड आहेत. मी आहे, तुझी वहिनी आहे, आणि तिचा गुडघाही तिला सोडून कुठे गेलेला नाही. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे कधी गेलोच नाही. तू 'बरं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, मग दोघंही एकदमच 'चल, ठेवतो', 'चल, ठेवते' करतो. मला जे सांगायचंय ते दोन 'बरं'च्या मध्ये मावत नाही. तीन संध्याकाळी हा कागद समोर घेऊन बसलोय. तुझ्या वहिनीला वाटतंय मी लिफ्टच्या कंपनीला राजीनामा लिहितोय, आणि त्या आशेवर ती दोनदा चहा देऊन गेली.

बाबांना जाऊन नऊ आठवडे झाले. तू आलीस, मागच्या भिंतीशी उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या बसने परत गेलीस. लोकांनी कुजबुज केली. मी केली नाही, एवढं तरी माझ्या पदरात टाक. निघण्याआधी तू गच्चीवर गेलीस आणि दुर्बिणीवरचं कापड एका बाजूने घसरलं होतं ते सारखं केलंस, हे मी दारातून पाहिलं. तेव्हा वाटलं, आता रडू येईल. नाही आलं. अजूनही आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो ना, तसं माझं सगळंच झालंय. कामावर जातो, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो, दोर तपासतो, ग्रीस लावतो, वर येतो. लोकांना वर पोचवायचं काम आहे आपलं, असा विनोद मी पंचवीस वर्षं करत आलोय, तो परवा सवयीने केला आणि समोरचा हसला नाही. मलाही उशिराच कळलं का ते. सगळे म्हणतात, खंबीर आहात. खंबीर वगैरे काही नाही, मला काही होतच नाहीये, एवढंच.

पत्राचं कारण आधी सांगून टाकतो. बाबांच्या त्या तारे मोजणाऱ्यांच्या संस्थेकडून एक फॉर्म आलाय. बाबांनी त्यांच्या ताऱ्याच्या म्हणून केलेल्या काही नोंदी भलत्याच ताऱ्याच्या आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. ते खरं की खोटं हे सांगू शकतील अशी माणसं आता दोनच उरलीत, एक तू आणि एक मी. सही करायला मिनिट लागत नाही. पण सहीच्या वर तीन ओळींची जागा सोडलेली आहे, आणि त्या तीन ओळींपायी माझ्या ह्या तीन संध्याकाळी गेल्या. यातलं बरंचसं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी पहिल्यापासून लिहितो. मी ही गोष्ट कधी कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या वहिनीलाही नाही, आणि मधूनच सुरू केली तर मी नेहमीसारखा सोयीच्या जागी थांबेन.

बाबा म्हटलं की मला आधी त्यांची पेटी आठवते. आत जांभळी मखमल, मखमलीत खाचा, खाचांमध्ये पितळी वजनं. सगळ्यात लहान वजन चिमट्याने उचलायचं, कारण बोटाचा घाम लागला तरी ते खोटं होतं. वजनकाटे तपासणारा माणूस. बाजारात ती पेटी दिसली की दुकानदार आपण होऊन काटे पुसायला लागायचे. दोन ग्रॅमची लबाडी बाबा नुसत्या काट्याच्या थरथरण्यावरून ओळखायचे. घरीही तेच, चप्पल जागेवर, पेन जागेवर, शब्द जागेवर. आई म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तरी मोजूनमापून भांडावं लागतं. अशा माणसाला ताऱ्यांचा उजेड मोजायचा नाद लागला यात नवल नाही. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासला, दोन वर्षं, मागच्या खोलीत. त्या दोन वर्षांत घरात प्रत्येक गोष्टीला त्या घासायच्या पुडीची कचकच होती, अंथरुणालासुद्धा.

मग गच्चीवर ती नळी उभी राहिली, आणि नळीच्या तोंडाशी, डोळा लावायच्या भिंगाखाली, आईच्या शिवणयंत्राचं स्टूल. ते स्टूल परत कधी खाली आलं नाही. आणि तो तारा. त्याला धड नावही नव्हतं, पुढे दोन अक्षरं आणि मागे एक नक्षत्र. आपण त्याला 'आपला' म्हणायचो आणि आई म्हणायची 'माझी सवत'. अकरा महिन्यांत तो एकदा फुलायचा आणि एकदा विझत जायचा. आजूबाजूच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून बघायचं, याच्यापेक्षा फिका, त्याच्यापेक्षा ठळक, आणि आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा तितका तारा फिका, वर्गातल्या नंबरासारखं, असं बाबांनी आपल्याला शिकवलं होतं. नकाशावर दशांशचिन्ह द्यायचं नाही, कारण अंधारात ते टिंबच तारा वाटतं. म्हणून साडेअकराच्या जरा अलीकडचा तारा म्हणजे नुसतं ११४. बॅटरीला लाल कागद. वहीत शाई. वहीत खोडायचं नाही, चुकलं तर चुकलेलं राहू द्यायचं आणि खाली बरोबर लिहायचं. आणि तारा दिसला नाही तर तसं लिहायचं, अमक्या आकड्यापर्यंत दिसतं, आपला दिसत नाही. न दिसणं हीसुद्धा नोंद आहे, असं ते म्हणायचे. जे दिसतं ते लिहा, जे दिसायला हवं ते नको.

आता त्या संस्थेतल्या नोंदी सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र. बाबा गेल्याचं मी कळवलं तेव्हा त्यांनी सगळ्या वह्यांचे फोटो मागितले होते, ते मी दोन रविवार बसून काढून पाठवले. बाई फार सभ्य आहेत. आधी पान भरून बाबांच्या चिकाटीचं कौतुक. मग लिहितात, पहिली नऊ वर्षं तारा उतरायला लागला की तुमच्या वडिलांचे आकडे बाकीच्यांबरोबर नीट पायऱ्या उतरतात, आणि ११४ ला आले की जमिनीला टेकल्यासारखे सपाट होतात. बाकीच्यांचे मात्र उतरतच राहतात, पार १४० पर्यंत. त्याचं कारण असं की त्या ताऱ्याला अगदी खेटून दुसरा एक तारा आहे. पांढरा, ११४ चा, आणि तो कधीच बदलत नाही. आपला फुललेला असतो तेव्हा त्याच्या झगमगाटात शेजारी लोपतो, आणि आपला विझला की शेजारी तेवढा उरतो. मोठ्या भिंगातून बघणाऱ्याला दोन्ही वेळा एकच ठिपका दिसतो आणि तो समजतो की हा तोच. म्हणजे दर खेपेला चार महिने बाबा शेजारचा तारा मोजत होते. ही चूक पुष्कळांची होते, यात कमीपणा नाही, असंही बाईंनी लिहिलंय. अशा एकशे सत्तावीस नोंदी बाजूला काढाव्या लागतील, बाकीच्या जशाच्या तशा राहतील.

बाईंना अडलंय ते एका ओळीपाशी. ती चौथ्या वहीत आहे, शाईच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. '१२८ दिसतो. लाल तारा दिसत नाही. हा शेजारचा आहे.' बाई म्हणतात, त्या खेपेला तारा इतका खाली गेलेला असताना जगात दुसऱ्या कुणाचीही नोंद नाही, कुठे ढग, कुठे काय. ही एक ओळ आम्हाला फार मोलाची आहे. पण ती कुणी लिहिली, आणि त्या वेळी सोबत कुणी होतं का, हे कळल्याशिवाय ती घेता येणार नाही. त्यासाठी फॉर्म, आणि त्यासाठी त्या तीन ओळी.

तू अकरा वर्षांची होतीस, मी पंधरा. अंधार पडून तासभर झाला असेल, खालून आईने जेवायला एकदा हाक मारलेली होती. थंडी होती आणि माझे मोजे ओले होते, हे मला नीट आठवतं. काही आठवड्यांपूर्वी बाबा खाली गेलेले असताना तू डब्यातलं लहान भिंग लावून बघितलं होतंस, जे बाबा कधी वापरायचे नाहीत कारण त्यातून सगळं जास्त मोठं दिसतं, पण हलतं. दोन तारे दिसतात, एक लाल आणि त्याला चिकटून बारीक पांढरा, असं तू मला सांगितलंस. दाखवलंसही. त्या संध्याकाळी बाबांनी मोठ्या भिंगातून बघून '११४' म्हटलं, तशी तू पुढे झालीस, त्यांच्यादेखत भिंग बदललंस, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, बाबा, हा तो नाही. लाल गेला. हा त्याच्या शेजारचा आहे.

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुकानदाराला समजावतात तसं तुला समजावलं. तारा फिका झाला की त्याचा रंग कळत नाही, म्हणून तो पांढरा वाटतो. मग नकाशा काढून लाल उजेडात धरला. बघ, इथे एकच ठिपका आहे, दुसरा कुठून आणलास, खिशातून? नकाशा जुना होता आणि त्यात खरोखरच एक ठिपका होता. तू म्हणालीस, दादाला विचारा. तुझ्या तोंडावर जराही भीती नव्हती. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बघ रे, तुझे डोळे धड आहेत. मी स्टुलावर बसलो, डोळा लावला, आणि म्हणालो, तोच आहे, बाबा.

बाबा भिंग डब्यात ठेवायला वळले तेवढ्यात तू कानामागची पेन्सिल काढून वहीत ती ओळ लिहिलीस. नियमाने लिहिलीस, कुठपर्यंत दिसतं ते आधी आणि काय दिसत नाही ते नंतर. बाबांनी पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खोडता येईना, नियम त्यांचाच. त्या ओळीच्या वर त्यांनी शाईने ११४ लिहिलं आणि वही मिटली. जिना उतरताना ते तुला म्हणाले, चला, नकाशात नसलेली ठिपकी, जेवायला. तुझं हे नाव तेव्हाचं. आज सवयीने वर तेच लिहून बसलो, आणि आता लक्षात आलं. खोडत नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही.

त्यानंतर घरात एक वाक्य रुळलं, 'हिला असलेलं दिसत नाही, नसलेलं दिसतं.' किल्ली हरवली, म्हण ते वाक्य. तू दारात कुणी आलंय म्हणालीस आणि कुणी नसलं, म्हण ते वाक्य. सगळ्यात जास्त मी म्हणायचो. मोठ्या भावाला असं काहीतरी हातात लागतं. पुढच्या वर्षी तू जेवताना म्हणालीस की आईच्या डाव्या हातातून वस्तू पडतात. तिघंही हसलो. आईसुद्धा हसली, डावा हात मांडीवर घेऊन तिनेच ते वाक्य म्हटलं. त्यानंतर चौदा महिन्यांनी तिच्या डोक्याचा फोटो काढला. तू चौदाची झालीस त्या महिन्यात ती गेली. आधी आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, असं डॉक्टर बाबांना म्हणाले. ते वाक्य बाबांनी एकदा ऐकलं, मी आजवर ऐकतोय. त्यानंतर तू काही दिसलं तरी सांगेनाशी झालीस, आणि एकोणीसची झाल्यावर तू स्वतःही दिसेनाशी झालीस. आता रंगाच्या कारखान्यात तू बोट ठेवून सांगतेस की हा निळा कालच्या निळ्यापेक्षा अर्धा थेंब काळा आहे, आणि माणसं मुकाट्याने अख्खं पिंप परत ढवळतात. हे तू मला एकदा फोनवर सांगितलं होतंस. मी 'बरं' म्हणालो.

बाईंना उत्तर द्यायचं म्हणून मी बाबांचं टेबल उपसलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, संस्थेच्याच एका पाकिटात, नवा नकाशा सापडला. छापील, मोठा काढलेला, आणि त्यात आपल्या ताऱ्याला खेटून दुसरा ठिपका, बाजूला ११४. खाली सूचना, शेजारच्या ताऱ्यापासून सावध राहावे. पाकिटावर बाबांनी तो मिळाल्याची तारीख घातलेली आहे, ते प्रत्येक गोष्टीवर घालायचे तशी. तुझ्या त्या ओळीनंतर पाच वर्षांनी. तेव्हा तू सोळाची होतीस, आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होतीस. शेजारच्या ताऱ्याभोवती त्यांनी शाईने एक गोल काढलाय. इतका बारीक गोल काढायला हात किती स्थिर लागतो ते तुला माहीत आहे.

मग मी वह्या परत काढल्या. त्या तारखेनंतर बाबा अजून सव्वीस वर्षं तो तारा बघत होते. तो फुलायला लागला की आकडे आहेत, उतरतानाचे आकडे आहेत, आणि तळाला गेला की त्या चार महिन्यांत नुसती आडवी रेघ. दर आठवड्याला तारीख, वेळ आणि रेघ. म्हणजे गच्चीवर जात होते. बघतही होते. आपला दिसत नाही, एवढंच लिहायचं होतं, त्यांनीच शिकवलेलं. पण ते शब्द त्या ताऱ्याच्या वह्यांत एकदाच आलेत, तुझ्या अक्षरात, आणि ते दुसऱ्यांदा लिहिले असते तर पहिल्यांदा कुणी लिहिले होते हे मान्य करावं लागलं असतं. इतकी वर्षं खोट्या काट्यांना सील ठोकलेला माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता. पानं उलटत बसलो आणि रागही आला नाही. एवढंच वाटलं की जिना उतरून तुझ्या दारापर्यंत यायला त्यांना फार लांब पडलं. मला तर तेवढंही लांब नव्हतं, माझी खोली तुझ्या शेजारी होती.

काल संध्याकाळी कामावरून आलो आणि कपडेही न बदलता गच्चीवर गेलो. सध्या आपला तळाला आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. कापड काढलं, आरशावर धूळ होती, पण काम भागत होतं. सापडेल असं वाटलं नव्हतं. पण बाबांनी डोक्यात घालून दिलेला रस्ता तसाच होता, ओळीतले चार तारे, मग ती मोडकी खुर्ची, खुर्चीच्या तुटक्या पायाच्या खाली. मी लहान भिंग लावलं. नवा नकाशा गुडघ्यावर. १२८ चा तारा सरळ बघितलं की नाहीसा होतो, जरा बाजूला बघितलं की येतो, तो तसा आला. आणि जिथे आपला असायचा तिथे एकच पांढरा तारा होता, गप्प, जागच्या जागी. मी तुझ्याइतका वेळ बघितलं. मग चौथी वही उघडून, तुझ्या ओळीखाली थोडी जागा होती तिथे, कालची तारीख घालून शाईने लिहिलं, '१२८ दिसतो. आपला दिसत नाही. शेजारचा दिसतो.' रडू नाहीच आलं. पण लिहून झाल्यावर बोटं गारठल्याचं कळलं, चांगली दुखत होती. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं मला. खाली आलो तर तुझी वहिनी म्हणाली, तोंड का असं झालंय, आणि मी तिला काहीतरी सांगितलं.

हे सगळं लिहिलं ते त्या स्टुलावरच्या अर्ध्या मिनिटासाठी. तू मला शेजारी आधी दाखवला होतास आणि मी तो पाहिला होता, लाल आणि पांढरा, दोन्ही, स्वच्छ. त्या संध्याकाळी मी डोळा लावला तेव्हा लाल नव्हता. मला ते लगेच कळलं, शंका नव्हती, काही नव्हतं. पण मोजे ओले होते, भूक लागली होती, आणि बाबांचा हात खांद्यावर होता, जो ते सहसा ठेवायचे नाहीत. म्हणून म्हणालो, तोच आहे. आईच्या हाताबद्दल तू बोललीस तेव्हाही मी तिच्या हातातून कप पडताना पाहिलेला होता. तरी हसलो. तुला माफ कर म्हणायला हे लिहीत नाही, तो हिशेब तुझा तू बघ. फॉर्म सोबत जोडलाय. नाव लिहायच्या जागी तुझं पूर्ण नाव लिहिलंय, खाली सही केली आहे, तुझ्या सहीची जागा रिकामी आहे. पुढे धाडायचा की फाडून टाकायचा ते तू ठरव. तीन ओळी मात्र मी भरल्यात, आणि त्या संस्थेच्या आधी तू वाचाव्यास म्हणून इथे उतरवतो. 'ही नोंद माझ्या धाकट्या बहिणीची आहे. तिने बरोबर पाहिलं होतं. तिच्यानंतर लगेच मी पाहिलं, मलाही तारा दिसला नाही, आणि मी दिसतो म्हणालो.'

तुझाच,
दादा